ऑटोमॅटिक गेट बसवायचंय? मोटर आणण्याआधी जागा तयार करा

जागा नीट तयार असेल तर गेटची मोटर बसवायला फिटरला अर्धा दिवस पुरतो. नसेल तर तो येतो, गेट एकदा हलवून बघतो, खाली जमिनीकडे बघतो आणि "आधी वेल्डिंगवाल्याला बोलवा" म्हणून निघून जातो. संभाजीनगर, लातूर, नांदेडमध्ये आता साध्या रो-हाऊसलाही रिमोटचं गेट दिसतं. पण बहुतेक घरांत मोटर आधी येते आणि तिच्यासाठी जमीन, गेट, वायर काहीच तयार नाही हे नंतर कळतं. मग नवी फरशी फोडा, गेट उतरवा, पुन्हा रंग मारा.

कोणत्या कंपनीची मोटर घ्यावी हे इथे सांगणार नाही. फिटर येण्याआधी तुमच्या बाजूने काय झालेलं असावं, एवढंच सांगतो. कोणतीही मोटर घेतलीत तरी मराठवाड्यात तिचा त्रास तीन ठिकाणांहून येतो: काळी माती, पावसाचं पाणी आणि लाईट. जागेची तयारी म्हणजे या तिघांचा बंदोबस्त.

पहिलं काम: टेप घेऊन गेटपाशी उभं राहा

स्लायडिंग गेट की दोन पल्ल्यांचं, हे आवडीपेक्षा जागेवर ठरतं.

स्लायडिंगला कंपाउंडच्या भिंतीला लागून आतल्या बाजूला मोकळी लांबी लागते, आणि ती गेटच्या रुंदीएवढी धरून चालत नाही. समजा तुमचा मोकळा रस्ता १२ फुटांचा आहे. मोटर आतल्या बाजूला, खांबाच्या मागे बसते आणि तिचं दातेरी चाक गेटवर लावलेल्या दातेरी पट्टीला ढकलतं. गेट पूर्ण बंद झाल्यावरही पट्टीचा थोडा भाग मोटरसमोर उरलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी चाक पकडणार काय? म्हणून गेट १२ ऐवजी साधारण साडेतेरा फुटांचं करून घ्यायचं. जास्तीचं दीड फूट म्हणजे गेटची शेपटी, ती बंद अवस्थेत खांबाच्या मागे राहते. हे गेट पूर्ण उघडायला मागे साडेतेरा फूट हवेत, शिवाय शेवटच्या स्टॉपरसाठी फूटभर. झाले साडेचौदा. त्या पट्ट्यात पाण्याची टाकी, बोअरचं झाकण, तुळशीवृंदावन किंवा पायरी येत असेल तर आताच कळलेलं बरं.

दोन पल्ल्यांच्या गेटला भिंतीलगत एवढी जागा लागत नाही, पण पल्ले आत उघडताना गाडी आणखी आत उभी करावी लागते. पल्ले बाहेर, रस्त्यावर उघडायचा विचार डोक्यातून काढा. ती जागा आपली नसते, आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या अंगावर आपोआप फिरणारं गेट उघडणं धोक्याचं. आतली जमीन घराकडे चढती असेल तर पल्ला आत जाताना खाली घासतो, मग स्लायडिंगच बघावं लागतं.

आणखी एक, आणि हे मी कुणालाही आग्रहाने सांगतो: पायी जाण्यायेण्यासाठी छोटं गेट वेगळं ठेवा. दूधवाला, पेपरवाला, शाळेतून येणारी मुलं यांच्यासाठी दिवसातून पंचवीस वेळा मोठं गेट फिरवायचं कारण नाही. मोठ्या गेटातच छोटं दार कापलेलं असेल आणि ते वेगळं करणं शक्य नसेल, तर ते उघडं असताना मोटर चालू होणार नाही असा स्विच त्या दाराला लावून घ्यावा लागतो. फिटरला हे आधी सांगा.

गेट एका हाताने सरकलं पाहिजे

जुन्या गेटला मोटर लावायची असेल तर हीच खरी परीक्षा. गेट पूर्ण बंद करा, एका हाताने ढकला. सुरुवातीपासून शेवटापर्यंत ते एकसारखं, न अडखळता जायला हवं. मध्ये सोडून दिलं तर जागीच थांबायला हवं. आपोआप एका बाजूला घरंगळत असेल तर ट्रॅक लेव्हलमध्ये नाही.

वेल्डिंगवाला हमखास म्हणतो, "सरकतंय की साहेब, थोडा जोर लावा." माणसाच्या हाताला ठीक आहे. माणूस अडलेल्या जागी आपसूक जास्त जोर लावतो आणि पुढे कमी करतो. मोटरमध्ये जोराची एक मर्यादा बसवलेली असते. गेट अडलं की तिला वाटतं मध्ये कुणी आलं, आणि ती थांबते किंवा उलटी फिरते. मग फिटर वैतागून ती मर्यादा वाढवून ठेवतो. त्या दिवसापासून मध्ये खरंच लेकरू आलं तरी गेट लवकर थांबत नाही. अडखळणाऱ्या गेटचा खरा धोका हा आहे.

बघायच्या गोष्टी: खालच्या चाकांची बेअरिंग, ट्रॅकवरचे वेल्डिंगचे उंचवटे, ट्रॅकचे सांधे, वरचे गाइड रोलर. रोलर नायलॉनचे असावेत, आणि गेट हलकं धरतील इतकेच जवळ. ट्रॅकच्या दोन्ही टोकांना लोखंडी स्टॉपर पक्का वेल्ड केलेला हवा. मोटरला स्वतःचा लिमिट स्विच (गेट टोकाला पोचलं की मोटर बंद करणारा) असतो हे खरं, पण तो बिघडला किंवा मोटर हाताने सोडवली तर गेट ट्रॅकवरून उतरून माणसावर पडू शकतं. स्टॉपरशिवाय मोटर बसवू देऊ नका.

वजनाचा अंदाजही आताच काढा, कारण मोटर त्यावरूनच निवडतात. १६ गेजचा लोखंडी पत्रा एका चौरस फुटाला साधारण १.१७ किलो भरतो. दोन इंची चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा, एका फुटाला जवळपास ०.९२ किलो. वर सांगितलेलं साडेतेरा फूट लांब आणि पाच फूट उंच गेट पूर्ण पत्र्याचं केलं, तर पत्रा ७९ किलो. चौकट आणि आतले आडवे-उभे मिळून ६५ फूट पाइप धरला तर आणखी ६०. चाकं, खालचा चॅनल, दातेरी पट्टी, वरची नक्षी धरून गेट १६० किलोंच्या आसपास जातं. मोटर याच्या किमान दीडपट क्षमतेची बघायची. आमच्याकडे गेटवर सिंह, कमळ, आडनाव असं सगळं जाड पट्टीत कापून लावायची हौस दांडगी आहे. लावा, फक्त त्याचं वजन धरायला विसरू नका.

काळी माती: इथे घाई करू नका

गेट जागेवर बसून दोन पावसाळे झाले आणि अचानक अडखळू लागलं, तर दहापैकी नऊ जण मोटरला दोष देतात. परभणी, नांदेड, लातूरच्या भारी जमिनीत दोष बहुतेकदा मातीचा निघतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तीच माती तुमच्या गेटच्या खांबाखाली आहे. खांब अर्धा इंच जरी कलला तरी पल्ल्यांचं गेट एकमेकांत अडकतं. ट्रॅक मध्ये उचलला गेला की स्लायडिंग गेटला तिथे चढण लागते. मोटर आणि पट्टी यांच्यातली फट बदलते, आणि गेटचं सगळं वजन मोटरच्या चाकावर येतं.

म्हणून आधी खड्डा घेऊन बघा. बालाघाटच्या माळावर किंवा संभाजीनगरच्या बऱ्याच भागांत दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो. तिथे सरळ मुरमापर्यंत जा, त्यावर पाया घ्या, विषय संपला. गोदावरीकाठच्या गावांत माती खोल असते, मुरूम हाताला लागत नाही. तिथे निदान खांबाखालची आणि ट्रॅकखालची काळी माती जमेल तितकी काढून, बाहेरून आणलेला चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मस करून भरायचा. जड गेट आणि खूप खोल माती असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून त्यात ओतलेला काँक्रीटचा खांब, हा पक्का उपाय आहे. या पाइलला खाली कांद्यासारखा फुगवटा असतो, तो मातीच्या हालचालीच्या खालच्या थरात रुतून बसतो. काळ्या मातीत ही पाइल साधारण साडेतीन मीटर खोल न्यावी लागते. एका बंगल्याच्या गेटसाठी हा खर्च जास्त वाटेल, पण बंगल्यालाच पाइल घेत असाल तर त्याच यंत्राने गेटच्या खांबांचीही करून घ्या.

दुसरी गोष्ट, दोन्ही खांब एकमेकांना बांधून घ्या. ट्रॅकच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सळई घातलेला आरसीसी बीम घ्यायचा, खांबांची सळई त्यातून वर काढायची. माती हललीच तर सगळं एकत्र हलतं, एकच खांब कलत नाही. मोटर ज्यावर बसते तो काँक्रीटचा ओटाही याच बीमला जोडा. वेगळा केलात तर गेट एकीकडे आणि मोटर दुसरीकडे सरकत राहील. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या गवंड्यांना पट्टा घेऊन बांधकाम बांधून घेणं नवं नाही. गेटच्या बाबतीत मात्र तेच गवंडी "एवढ्याशा कामाला कशाला" म्हणतात. तुम्ही ऐकू नका.

घर नवीन असेल आणि अंगणात भराव टाकला असेल, तर जमल्यास एक पावसाळा त्या भरावावर जाऊ द्या आणि मग ट्रॅक टाका. घाईच असेल तर वायरींचे पाइप आणि बीमचं काम आता करून घ्या, मोटर दिवाळीला आणा.

मोटरचा ओटा

मोटर विकत घ्यायच्या आधी दुकानदाराकडून तिची फाउंडेशन प्लेट (काँक्रीटमध्ये बसवायची लोखंडी प्लेट, जिच्या बोल्टांवर मोटर बसते), निदान तिच्या भोकांचं माप आणि पुस्तिका मागून घ्या. ओट्याची उंची आणि ट्रॅकपासूनचं अंतर प्रत्येक मोटरचं वेगळं असतं, ते अंदाजाने करायचं काम नाही.

सर्वसाधारणपणे दीड फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि किमान दीड फूट खोल काँक्रीट लागतं. वरचं तोंड जमिनीपासून दोन-चार इंच उंच ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी मोटरच्या बुडाशी साचत नाही. त्यापेक्षा जास्त उंच करायचं असेल तर आधी गेटवरच्या दातेरी पट्टीची उंची ठरवा. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू किंवा कच, तीन भाग खडी हे मिश्रण पुरेसं. प्लेट ओल्या काँक्रीटमध्ये बसवताना पाणसळ दोन्ही दिशांना लावा आणि प्लेट ट्रॅकला समांतर आहे का ते दोरीने बघा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून वर टेप गुंडाळा, नाहीतर त्यात सिमेंट बसतं आणि नट चढत नाही.

मग किमान सात दिवस पाणी. मेमध्ये दिवसातून दोनदा शिंपडून भागत नाही, ओलं गोणपाट टाकून ठेवा. मोटर त्यानंतर.

प्लेटच्या मधून वर येणारे पाइप काँक्रीट ओतण्याआधी जागेवर असले पाहिजेत. गवंडी ओटा करून गेला आणि वायरमन नंतर आला, की ओट्याच्या बाजूने पाइप लोंबकळत येतो आणि त्यातून पहिल्या पावसात पाणी.

पाइप, वायर, लाईट

निदान दोन वेगळे पाइप टाका. एकात २३० व्होल्टची लाईन, दुसऱ्यात सेन्सर, बझर, पुश बटनाच्या बारीक वायरी. दोन्ही एकाच पाइपमध्ये घातल्या तर सेन्सर उगाच गडबड करतो, आणि इन्सुलेशन कुठे सोललं गेलं तर बारीक वायरीत मेन लाईन उतरते. एक रिकामा तिसरा पाइप टाकून ठेवलात तर उद्या कॅमेरा किंवा व्हिडिओ डोअरफोन लावताना माझी आठवण काढाल. पाइप दीड-दोन फूट खोल, वळणाला एल्बोऐवजी मोठा बेंड, आणि नंतर वायर ओढायला आत एक जीआय तार घालून ठेवलेली. समोरच्या खांबाकडे जाणारा पाइप ट्रॅकच्या बीमखालून आधीच गेला पाहिजे. हा हमखास राहतो.

मेन लाईनला तीन कोअरची तांब्याची वायर. घराच्या बोर्डापासून गेट तीस मीटरच्या आत असेल तर १.५ चौरस मिमी चालते, त्यापुढे २.५ घ्या. पाइप न टाकता थेट मातीत पुरायची असेल तर आर्मर्ड केबलच. उंदीर आणि घुशी साधी वायर सोडत नाहीत. बोर्डात गेटसाठी स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला, कुणाला शॉक बसला की लाईन तोडणारा स्विच) हवा. गेट लोखंडाचं आहे, पावसात ओलं होतं आणि त्याला सगळे हात लावतात, हे लक्षात ठेवा. म्हणूनच अर्थिंगही नावापुरती नको. मुरमाड, खडकाळ जागेत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडून निकामी होतो, त्यात अधूनमधून पाणी सोडायची सवय लावा.

व्होल्टेज संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान मोजून घ्या, दुपारी नव्हे. गाव सगळं टीव्ही, पंखे, मोटारी लावून बसलेलं असतं तेव्हा किती उतरतं ते कळतं. एसी मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० चे १८० झाले तर जोर जवळपास ६० टक्क्यांवर येतो. तुमच्याकडे असं होत असेल किंवा लाईट रोजच जात असेल, तर २४ व्होल्टची डीसी मोटर बॅटरीसकट घेणं शहाणपणाचं. तिच्यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात आणि लाईट गेल्यावरही गेट काही वेळा उघडतं. एसी मोटर घरच्या इन्व्हर्टरवर टाकायची असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ती गुणगुणते आणि तापते.

शेतवस्तीवरच्या गेटला शेतीपंपाच्या लाईनवर जोडू नका. त्या फीडरला दिवसरात्र सप्लाय नसतो आणि ते कनेक्शन पंपासाठीच असतं. तिथे २४ व्होल्टची मोटर आणि सोलर पॅनल बरं. पॅनलवर कडुलिंबाची सावली पडणार नाही एवढं बघा.

वळवाच्या पावसाआधी विजा पडतात तेव्हा सगळ्यात आधी जातं ते मोटरचं कंट्रोल कार्ड. बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या. त्याची भिस्त चांगल्या अर्थिंगवरच असते.

पाणी

ट्रॅक हा अंगणातला सगळ्यात खालचा भाग झाला, तर पहिल्याच पावसात त्यात गाळ भरणार. अंगणाचा उतार ट्रॅकच्या आधीच अडवून जाळी टाकलेली आडवी नाली करा आणि ती बाहेरच्या नालीला जोडा. बाहेरचा रस्ता बघा. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो आणि पाणी उलटं घरात येऊ लागतं. आज रस्ता आणि ट्रॅक एका पातळीत असतील, तर ट्रॅक आताच तीन-चार इंच उचलून घ्या.

सेन्सर कुठे लावायचा

गेटच्या वाटेत माणूस किंवा गाडी आली की थांबवणारा फोटोसेल जमिनीपासून साधारण दीड फुटावर लावतात. त्याहून फार वर लावला तर वासरू, कुत्रं किंवा रांगतं लेकरू त्याच्या खालून जातं. गाडीच्या चाकाने ठोकरला जाणार नाही अशी जागा बघा, दोन्ही खांबांवर समोरासमोर आणि एकाच उंचीवर.

एक बारकावा नवख्या फिटरच्याही ध्यानात येत नाही. फोटोसेलचे दोन भाग असतात, एक किरण सोडणारा, एक घेणारा. गेट उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर त्यांच्यातली रेषा पूर्व-पश्चिम होते. घेणारा भाग पश्चिमेकडे तोंड करून बसवला, तर संध्याकाळचं तिरकं ऊन थेट त्याच्या डोळ्यात येतं आणि मध्ये कुणी नसताना गेट अडून राहतं. मालक म्हणतो, "पाच वाजले की याच्या अंगात येतं." घेणारा भाग ज्या बाजूला घराची किंवा झाडाची सावली मिळते तिकडे ठेवा, निदान वर छोटं छप्पर द्या. वायरीची तयारीही यावर ठरते. सोडणाऱ्याला दोन कोअर पुरतात, घेणाऱ्याला चार लागतात.

दोन पल्ल्यांचं गेट असेल तर

वरचं बहुतेक सगळं लागू आहे. जास्तीचं एवढंच: मोटरचा दांडा पल्ल्याला ज्या जागी जोडायचा तिथे आत आडवी जाड पट्टी वेल्ड केलेली हवी, नुसत्या पत्र्यावर ब्रॅकेट टिकत नाही. बिजागरीच्या मध्यापासून खांबावरच्या ब्रॅकेटपर्यंतची दोन मापं पुस्तिकेत दिलेली असतात, ती तुमच्या खांबाच्या जाडीत बसतात का ते खांब बांधण्याआधी बघा. विटांच्या खांबात मधोमध सळईचं काँक्रीट असावं. मध्ये जमिनीत स्टॉपर हवा.

पूर्ण पत्र्याचे पल्ले टाळा. सहा बाय पाच फुटांच्या एका पल्ल्यावर ताशी ५० किलोमीटरचा वारा तीस किलोंहून जास्त जोराने ढकलतो. वळवाच्या वावटळीत मोटर पल्ल्याशी कुस्ती खेळत बसेल. खाली पत्रा, वर गज ठेवले तर आडपडदाही राहतो आणि वारा निघून जातो.

कुणाला कधी बोलवायचं

आधी फिटरला नुसतं जागा बघायला बोलवा, मापं लिहून घ्या. मग गवंडी आणि वायरमन एकाच दिवशी, कारण पाइप आणि काँक्रीट एकमेकांत अडकलेले आहेत. त्यानंतर वेल्डिंगवाला. गेटचा रंग झाल्यावर वेल्डिंग करू देऊ नका. दातेरी पट्टीचे ब्रॅकेट रंगाआधी लागले पाहिजेत. मोटर सगळ्यात शेवटी. पट्टी आणि मोटरचं चाक यांच्यात सगळीकडे एक-दोन मिमी फट राहिली पाहिजे, हे फिटरने गेट पूर्ण सरकवून दाखवल्याशिवाय त्याला सोडू नका.

पाइपची तोंडं फोम किंवा सिलिकॉनने बंद करून घ्या. ऊब मिळाली की पाल आणि मुंग्या कार्डावर मुक्काम ठोकतात.

खंदक बुजवण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. भिंतीपासून किती फुटांवर, किती खोल, हे त्यात दिसलं पाहिजे. गेट हाताने सोडवायची किल्ली मोटरसोबत येते. ती घरात खुंटीवर ठेवा, आणि ती कशी फिरवायची हे रिमोट न वापरणाऱ्या आजी-आजोबांनाही एकदा करून दाखवा.